सोडे, हाम यू आणि लाप चोंग: खारवलेल्या-वाळवलेल्या जिन्नसांचा घरगुती स्वयंपाक

काठावरची | १० जानेवारी, रात्री ९.१५

मी मूळची रेवदंड्याची. गेली नऊ वर्षे हाँगकाँगच्या साय यिंग पुन भागात आमचे बिऱ्हाड आहे. घरातून उतरून पाच मिनिटे चालले की डे व्हू मार्गाचा पश्चिमेकडचा टप्पा लागतो आणि तिथे ट्रामच्या रुळांच्या कडेने सुक्या मासळीची दुकाने ओळीने मांडलेली दिसतात. नवीन होते तेव्हा तिथून जाताना नाकाला रुमाल लावणारे पर्यटक पाहून मला हसू यायचे, कारण मला तर तो आमच्या बंदरावरचा वास वाटे. जवळ जाऊन पाहिल्यावर मात्र ओळखीचे थोडे आणि अनोळखी पुष्कळ निघाले. कोळंबी कळली, माकूल कळला. पण स्कॅलॉप या शिंपल्याचे वाळवलेले सोनेरी गर, काळपट सुकी कालवे, समुद्रकाकड्या आणि माशांच्या पोटातले फुगे हे सारे माझ्यासाठी नवे होते.

हिवाळा जवळ आला की याच भागात डुकराच्या मांसाची सॉसेजेस दोरीने जोडीजोडीने बांधून टांगलेली दिसू लागतात. त्यांना लाप चोंग म्हणतात. ‘लाप’ हे चिनी वर्षाच्या बाराव्या महिन्याचे जुने नाव असून त्या महिन्यात खारवून ठेवलेल्या मांसालाही तेच नाव चिकटले. लाप चोंग, बदकाच्या यकृताचे युन चोंग, डुकराच्या पोटाच्या चरबीदार पट्ट्यांचे लाप युक आणि पसरून वाळवलेले बदक या सगळ्या कुटुंबाला कँटोनीज लोक लाप मेई म्हणतात. शरदाचा वारा सुटला की लाप मेई खावे, अशी त्यांच्याकडे म्हण आहे. तिचे कारण साधे आहे. उत्तरेकडून येणारी थंड, कोरडी हवा लागल्याशिवाय ते मांस नीट वाळत नाही. क्वांगतुंग प्रांतात ते सोया सॉस, साखर आणि गुलाबाच्या वासाच्या मद्यात मुरवून वाऱ्यावर वाळवतात, म्हणून ते गोडसर लागते. हुनान आणि सिचुआनकडे ते धुरावर धरतात आणि त्याची चव तिखट जेवणाला साजेशी होते.

आता मुद्द्यावर येते. पहिली दोन वर्षे मी लाप चोंग भाजीसारखे शिजवून वाटीभर वाढले आणि घरात कोणालाही ते आवडले नाही. आमच्या मजल्यावर एक ऐंशीच्या घरातल्या आजी राहतात, त्यांना सगळे पो पो म्हणजे आजीच म्हणतात. त्यांनी माझे ताट पाहिले आणि खूण करून सांगितले की चौघांच्या भातात दोन कांड्या पुरतात. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या आईने वांग्याच्या भाजीत कधी वाटीभर सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, घातले नाहीत, ती मूठभर घालायची आणि बाकीचे काम वांग्यावर सोपवायची. तेच माप इथे चालते. सोड्यांचे वांगे ज्याला जमते, त्याला कँटोनीज घरातला निम्मा सुका स्वयंपाक आधीच येत असतो, असे माझे मत आहे.

पो पोंनी शिकवलेला पहिला पदार्थ म्हणजे बो चाय फान, अर्थात मातीच्या भांड्यातला भात. लांब दाण्याचा जास्मिन तांदूळ दीड वाटी घेऊन अर्धा तास भिजत ठेवावा. नंतर तो निथळून भांड्यात घालावा आणि तांदळावर बोटाचे जेमतेम एक पेर राहील एवढे पाणी ओतावे. आच मध्यम ठेवावी. पाणी आटून भाताच्या पृष्ठभागावर भोके दिसू लागली की गरम पाण्याने धुतलेले अख्खे लाप चोंग आणि लाप युकची एक पट्टी भातावर मांडून झाकण घट्ट बसवावे आणि आच अगदी मंद करावी. बारा ते पंधरा मिनिटांत मांस वाफेवर शिजते, त्याची चरबी वितळून दाण्यादाण्यात उतरते. शेवटची पाच मिनिटे झाकण किंचित उचलून कडेने चमचाभर तेल सोडावे आणि भांडे चारही बाजूंनी थोडे थोडे कलते धरून आचेवर फिरवावे, म्हणजे तळाला आणि कडांना सोनेरी खरवड धरते. मग मांस बाहेर काढून तिरके पातळ कापावे, भातावर परत मांडावे आणि सोया सॉस, चिमूटभर साखर व गरम पाणी एकत्र करून वरून शिंपडावे. वेगळे मीठ अजिबात घालू नये. खरवडीवर गरम चहा किंवा सूप ओतून ती शेवटी खरवडून खातात आणि आमच्या घरी तिच्यावरून भांडणे होतात.

ज्यांच्या घरी डुकराचे मांस चालत नाही त्यांच्यासाठी सुक्या मासळीचे आणि हाम यू या खाऱ्या माशाचेही पुष्कळ सांगण्यासारखे आहे, ते पुढे लिहीनच. इथे आणखी कोणी अशा जिन्नसांवर आपल्या स्वयंपाकघरात प्रयोग केले असतील तर कृपया सविस्तर लिहावे.

फणसआठळी | १० जानेवारी, रात्री १०.४०

ताई, फार छान विषय काढलात. माझे दोन प्रश्न आहेत. सावंतवाडीला लाप चोंग मिळण्याची काहीच शक्यता नाही, पण गोव्याचे चोरीस सॉसेज सहज मिळते. ते भातावर ठेवले तर चालेल का? आणि चिनी सुक्या कोळंबीऐवजी आपले सोडे वापरले तर फरक पडतो का?

काठावरची | ११ जानेवारी, सकाळी ७.०५

चोरीस घालून भात नक्कीच उत्तम होईल, पण तो गोव्याचाच भात होईल. चोरीसमध्ये व्हिनेगर, लसूण आणि लाल मिरची असते, त्यामुळे ते आंबट आणि तिखट असते. लाप चोंग गोड असते आणि त्यात मिरची नसते. सोया सॉस आणि साखर ज्या ठिकाणी गोड मांसाला साथ देतात, त्याच ठिकाणी आंबट मांसाशी भांडतात. तुम्ही चोरीस घेणार असाल तर सोया सॉस पूर्णपणे वगळा आणि भातात कांदा परतून घाला, म्हणजे गोव्यात चोरीसचा पुलाव करतात त्याच्या जवळ जाल.

सोड्यांचा प्रश्न जास्त रंजक आहे. चिनी सुकी कोळंबी बहुधा आधी खारट पाण्यात उकडतात, मग वाळवतात आणि सोलतात. म्हणून ती टणक, गोडसर आणि खारी असते. आमच्याकडचे सोडे कोळंबी सोलून तशीच उन्हात वाळवलेले असतात, त्यामुळे त्यांचा वास अधिक उग्र आणि पोत अधिक मऊ असतो. सोडे भिजायला कमी वेळ लागतो. चिनी कोळंबी मी अर्धा तास कोमट पाण्यात ठेवते आणि ते पाणी कधीच फेकत नाही. सोड्यांचे पहिले पाणी मात्र मी फेकते, कारण त्यात वाळू येते.

जाता जाता सांगते, कँटोनीजमध्ये सुक्या कोळंबीला ‘हा माय’ म्हणतात. मी फोनवर सासूबाईंना “दुकानातून हा माय आणली” असे सांगितले तेव्हा कोणाची माय आणि कुठे आणली, हे समजावण्यात दहा मिनिटे गेली.

बुकितवासी | ११ जानेवारी, दुपारी १.२०

मी सिंगापूरमध्ये राहतो आणि आमच्याकडेही चिनी नववर्षाच्या आधीचे काही आठवडे चायनाटाऊनमध्ये लाप मेईचे मोठे ढीग लागतात. एका बाबतीत मात्र मी असहमत आहे. मातीच्या भांड्याचा आग्रह नवशिक्याने धरू नये. साध्या राइस कुकरमध्ये भात अर्धा शिजल्यावर झाकण उघडून सॉसेज वर ठेवले की नव्वद टक्के काम होते आणि भांडे तडकण्याची भीती राहत नाही. दहा टक्के खरवडीसाठी गेले, हे मान्य आहे. पण आठवड्याच्या मधल्या दिवशी ऑफिसातून आल्यावर भांडे चारी बाजूंनी फिरवत बसण्याइतका धीर माझ्यात नाही.

आमच्या घरी सर्वाधिक होणारा पदार्थ याहूनही सोपा आहे. लाप चोंग दहा मिनिटे वाफवून तिरके कापायचे, कोरड्या कढईत तेल न घालता मंद आचेवर ठेवायचे आणि त्याची चरबी सुटली की त्याच चरबीत लसूण आणि फरसबी परतायची. सॉसेज जेमतेम एक वापरतो, फरसबी पाव किलो. माझ्या मुलीला फरसबी आवडत नव्हती, आता ती सॉसेज बाजूला काढून फरसबी खाते.

तुळशीकट्टा | ११ जानेवारी, संध्याकाळी ६.००

मी शाकाहारी आहे, पण हा धागा वाचल्याशिवाय राहवले नाही. आमच्यासारख्यांसाठी काही आहे का?

काठावरची | ११ जानेवारी, संध्याकाळी ६.३०

अवश्य आहे. वाळवलेले शिताके मशरूम आणि खारवून सुकवलेल्या मुळ्याचे तुकडे एकत्र वापरा. मशरूम थंड पाण्यात रात्रभर भिजवा, गरम पाण्यात घाई करू नका, आणि ते पाणीच भातात घाला.

प्रयोगवही | ११ जानेवारी, रात्री ११.१०

अन्नतंत्रज्ञानाचा विद्यार्थी राहिलो असल्यामुळे दोन गोष्टी लिहितो. एक चवीबद्दल आणि दुसरी थोडी अप्रिय.

मूठभर सुका जिन्नस पातेलेभर अन्नाला चव का देतो, याचे पहिले कारण म्हणजे पाणी गेल्यामुळे सगळे घट्ट होते. दुसरे कारण अधिक खोल आहे. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट हा चव देणारा घटक वेगळा काढला आणि त्या चवीला उमामी हे नाव दिले. १९१३ साली त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या बोनिटो माशात इनोसिनेट सापडले, आणि पुढे अकिरा कुनिनाका यांनी शिताकेतील ग्वानिलेट ओळखले. त्यांनीच दाखवून दिले की ग्लुटामेटबरोबर इनोसिनेट किंवा ग्वानिलेट आले की चव नुसती बेरजेने वाढत नाही, तिच्या कितीतरी पुढे जाते. चिनी सूपात च्यांगसू किंवा क्वांगतुंगची आजी हॅम, सुके स्कॅलॉप आणि शिताके एकाच पातेल्यात टाकते तेव्हा ती हेच करत असते, आणि तिला हे इकेदांच्या कित्येक पिढ्या आधीपासून माहीत होते.

आता अप्रिय भाग. कोणीही मुंबईत किंवा कोकणात बाल्कनीत मांस टांगून घरी लाप युक करण्याचा प्रयत्न करू नये. आपला हिवाळा पुरेसा थंड नसतो आणि किनाऱ्यावरची हवा दमट असते. मांस वरून कोरडे दिसते आणि आतून खराब होते. बंद, हवा नसलेल्या, ओलसर मांसात बोट्युलिझमचे जीवाणू विष तयार करतात. त्या आजाराचे नावच ‘बोटुलस’ म्हणजे सॉसेज या लॅटिन शब्दावरून पडले आहे, यावरून काय ते समजावे. कारखान्यातल्या लाप चोंगमध्ये नायट्राइट घालतात ते मुख्यतः यासाठीच, लाल रंग हा त्याचा दुसरा परिणाम आहे.

शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने चिनी पद्धतीच्या खाऱ्या माशाला १९९३ सालच्या अहवालात आणि प्रक्रिया केलेल्या मांसाला २०१५ साली कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. पहिला गट याचा अर्थ पुरावा भक्कम आहे असा होतो. धोका तंबाखूइतका मोठा आहे, असा होत नाही. खाऱ्या माशाचा संबंध नाकामागच्या घशाच्या कर्करोगाशी आढळला आहे आणि लहानपणापासून तो खाणाऱ्यांत तो अधिक ठळक आहे. म्हणून लहान मुलांना तो देऊ नये. प्रौढांनी ताईंच्या मापाने, म्हणजे कधीतरी आणि मूठभर, खावा.

काठावरची | १२ जानेवारी, सकाळी ६.५०

आपला इशारा अत्यंत योग्य आहे आणि मी तो मूळ लेखातच द्यायला हवा होता. हॅमच्या संदर्भात आपण च्यांगसूचे नाव घेतलेत, म्हणून एक छोटी दुरुस्ती सुचवते. हॅमसाठी प्रसिद्ध असलेले च्यिन्हुआ हे गाव च्यच्यांग प्रांतात आहे, च्यांगसूमध्ये नव्हे. दुसरे नावाजलेले हॅम युन्नानमधील श्वानवेई या गावचे. ही दोन्ही हॅम इटालियन हॅमसारखी कच्ची खात नाहीत. पो पो लहानसा तुकडा आधी उकळत्या पाण्यातून काढतात आणि मगच सूपात सोडतात.

डोलकाठी | १२ जानेवारी, सकाळी ९.२५

पालघरहून लिहितो आहे. ताईंनी माशांच्या पोटातल्या फुग्यांचा उल्लेख केला म्हणून राहवले नाही. आमच्याकडे त्याला भोत म्हणतात आणि घोळ माशाच्या भोताला सोन्यासारखा भाव येतो. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस पावसाळी बंदी उठल्यानंतरच्या पहिल्याच फेरीत मुरबे गावच्या एका मच्छीमाराला १५७ घोळी मिळाल्या आणि त्या सुमारे १ कोटी ३३ लाखांना गेल्या, ती बातमी सर्वांनी वाचली असेल. मासा इथे खाल्ला जातो, पण ती किंमत माशाची नसते, भोताची असते. तो वाळून हाँगकाँग आणि सिंगापूरच्या बाजारात जातो. आम्ही भोत विकतो, पण त्याचे तिकडे नेमके काय करतात, हे आमच्या घरात आजवर कोणालाच माहीत नाही. ताईंनी सांगावे.

काठावरची | १२ जानेवारी, रात्री ८.४५

दादा, तुमचा प्रश्न वाचून मी आज मुद्दाम त्या रस्त्यावर गेले. फुग्यांना इथे फा गाउ म्हणतात आणि ते जाड, पिवळसर, पारदर्शक पत्र्यासारखे दिसतात. दुकानदार त्यांना प्रकाशासमोर धरून दाखवतात. घरी ते रात्रभर पाण्यात भिजवतात, आले आणि कांद्याची पात घातलेल्या पाण्यात थोडे उकळतात, झाकून मुरू देतात आणि मग कोंबडीच्या सूपात दोन-तीन तास मंद आचेवर शिजवतात. त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते. तो रस धरून ठेवतो आणि ओठांना चिकटेल असा दाटपणा देतो, पायाच्या सूपात हाडांमधून जो चिकटपणा येतो तसा. बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्यांना तो देतात, म्हणजे आपल्या डिंकाच्या लाडवांचे काम तो करतो. माझ्या खिशाला तो परवडत नाही, म्हणून मी शेजारणीच्या वाटीतूनच चाखला आहे.

माशांवरून आणखी एक नाते सांगते. इथल्या खाऱ्या माशाला हाम यू म्हणतात आणि त्यातला सर्वांत मानाचा प्रकार मा याउ नावाच्या माशाचा असतो. त्याचे चित्र मी मासळीच्या एका तक्त्यात पाहिले आणि थक्क झाले, कारण तो आपला रावस आहे. हाम यूचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात मासा आधी थोडा आंबू देतात आणि मग मीठ लावतात. तो मऊ आणि अतिशय उग्र असतो. दुसऱ्यात ताज्या माशाला लगेच मीठ लावतात आणि तो घट्ट राहतो. आंबवलेल्या प्रकाराचा दोन बोटे रुंदीचा तुकडा, हाताने बारीक केलेल्या पाव किलो डुकराच्या मांसावर ठेवून, आल्याचे तंतू पसरून पंधरा मिनिटे वाफवला की पो पोंच्या मते जगात दुसऱ्या कशाची गरज उरत नाही. मी डुकराऐवजी कोंबडीचा खिमा घेऊन आणि आमच्या खाऱ्या बांगड्याचा तुकडा ठेवून हा पदार्थ केला. खरे सांगायचे तर बांगडा हरला. त्याचे तेल जुनाट वास देते आणि वाफवल्यावर तो वास मोकळा होतो. तोच बांगडा निखाऱ्यावर भाजला असता तर कोणी त्याला हरवू शकले नसते.

पहिलीच वेळ | १३ जानेवारी, दुपारी ३.३०

मी मेलबर्नला असतो. धागा वाचून उत्साहाने तिथल्या चिनी दुकानातून सामान आणले आणि बो चाय फान केला. भात इतका खारट झाला की टाकून द्यावा लागला. कृती तंतोतंत पाळली होती, फक्त कोळंबीचे पाणी वाया जाऊ नये म्हणून तेही भातात घातले आणि हाम यूचा एक तुकडाही ठेवला. पुढच्या वेळी काय करावे?

बुकितवासी | १३ जानेवारी, दुपारी ४.१०

मित्रा, तुम्ही एका भातात तीन खारट वस्तू जमवल्यात आणि वर सोया सॉसही शिंपडला असणार. एका भांड्यात एकच खारट वस्तू घ्या. दुसरी हवीच असेल तर पहिलीचे माप निम्मे करा.

काठावरची | १३ जानेवारी, रात्री ९.००

बुकितवासींचे म्हणणे बरोबर आहे आणि मुळात चूक माझीच आहे, कारण पाणी जपून ठेवा असे मी लिहिले, पण ते कुठे घालावे हे लिहिले नाही. ते पाणी अळणी जिन्नसासाठी असते. त्याची सर्वांत उत्तम जागा म्हणजे लो बाक गो. चिनी नववर्ष जवळ आले असल्याने त्याची कृती सविस्तर देते.

लो बाक गो म्हणजे मराठीत सांगायचे तर मुळ्याची वडी. कोथिंबीर वडीसारखीच ती आधी वाफवतात, थंड करून कापतात आणि मग तव्यावर परततात. ‘गो’ म्हणजे ही वडी, आणि उच्चाराने तो शब्द ‘उंच’ या अर्थाच्या शब्दाशी जुळतो, म्हणून नव्या वर्षात भरभराट व्हावी या आशेने ती घरोघर करतात. असाच खेळ सुक्या कालवांचा आहे. त्यांचे नाव ‘हो सी’ असून ते चांगल्या व्यवहाराच्या शब्दासारखे ऐकू येते, त्यामुळे व्यापारी लोक ती हमखास खातात. कालवांबरोबर पूर्वी केसांसारखे काळे फात चोय शेवाळ घालायचे, पण ते उपटताना गवताळ जमीन उजाड होते, म्हणून चीनने २००० साली त्याची काढणी आणि विक्री बंद केली.

एक किलो पांढरा जाड मुळा घ्यावा. अर्धा किसावा आणि अर्ध्याच्या काड्या कराव्यात, म्हणजे वडीत मुळा दाताखाली येतो. पाच सुके शिताके, तीन-चार सुके स्कॅलॉप आणि मूठभर कोळंबी वेगवेगळी भिजवावी. स्कॅलॉप भिजल्यावर त्याच्या कडेला असलेला कडक तुकडा काढून टाकावा आणि गर बोटांनी तंतू-तंतू मोकळा करावा. दोन लाप चोंग वाफवून बारीक चिरावे आणि कढईत त्याची चरबी सोडवून त्यातच बाकीचे सारे परतावे. मग मुळा घालून तो स्वतःच्या पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवावा. अडीचशे ग्रॅम तांदळाचे पीठ आणि तीन चमचे कॉर्नफ्लॉर घ्यावे. हे पीठ जिन्नसांच्या भिजवणीच्या पाण्यात कालवावे, कमी पडले तर साधे पाणी घ्यावे. ते गरम मुळ्यावर ओतून आच बंद करावी आणि भराभर ढवळावे. मिश्रण थालीपिठाच्या पिठाहून सैल आणि इडलीच्या पिठाहून घट्ट असावे. तेल लावलेल्या डब्यात घालून एक तास वाफवावे. वाफवण्याआधी चमचाभर मिश्रण तव्यावर भाजून चाखावे, बहुतेक वेळा मीठ लागत नाही.

यानंतरचा नियम मोडू नये. वडी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्याशिवाय कापू नये. गरम असताना ती सुरीला चिकटते आणि तुटते. थंड झाल्यावर तांदळाचा स्टार्च घट्ट होतो आणि तिच्या जाड चकत्या सुरेख पडतात. त्या थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी खरपूस करून खाव्यात.

ज्यांच्याकडे सॉसेज नाही त्यांनी ते वगळून कोळंबी आणि मशरूम दुप्पट घ्यावेत आणि परतण्यासाठी दोन चमचे तेल वापरावे.

फणसआठळी | १९ जानेवारी, सकाळी ११.४५

ताई, रविवारी वडी केली. सोडे, शिताके आणि आपला लांब मुळा घेतला. सॉसेज घातले नाही. आपला मुळा फारच तिखट निघाला, म्हणून किसून मीठ लावून पिळला आणि त्यामुळे पाणी कमी पडले. पहिली वडी मुळ्याच्या वासानेच घरात कोणी खाईना. दुसऱ्या वेळी मुळ्यात चिमूटभर साखर घालून तो चांगला पंधरा मिनिटे शिजवला आणि सोडे तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतले. ती वडी मात्र संध्याकाळपर्यंत उरली नाही. माझ्या सासऱ्यांनी तिच्यावर सोलकढी मागितली. चिनी लोक काय म्हणतील ते म्हणोत, पण जोडी जमली.

एक शंका आहे. एक्सओ सॉसबद्दल वाचले की त्यातही सुकी कोळंबी आणि हॅम असते. त्यात खरोखर ब्रँडी घालतात का?

काठावरची | १९ जानेवारी, रात्री ८.२०

नाही, एक्सओ सॉसमध्ये ब्रँडी नसते. १९८० च्या दशकात हाँगकाँगच्या हॉटेलांमध्ये तो निर्माण झाला तेव्हा एक्सओ कोन्याक हे श्रीमंतीचे चिन्ह होते, म्हणून महागड्या जिन्नसांच्या सॉसला ते नाव दिले. त्यात सुके स्कॅलॉप, कोळंबी, हॅम, लसूण, छोटे कांदे आणि मिरची असते, आणि ते सारे तेलात मंद आचेवर ओलावा जाईपर्यंत शिजवतात. घाई केली तर लसूण कडू होतो.

माझ्या घरची आवृत्ती स्वस्त आहे. मी स्कॅलॉपच्या जागी सोडे आणि सुका जवळा निम्मे-निम्मे घेते, हॅमच्या जागी एक लाप चोंग आणि मिरचीच्या जागी बेडगी. सोडे आणि सॉसेज मिक्सरमधून काढायचे नाही, हाताने चिरायचे, नाहीतर तिची चटणी होते. सुमारे चाळीस मिनिटे लागतात. पूर्ण वर तेल आले की काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवते, कोरडाच चमचा वापरते आणि दोन आठवड्यांत संपवते. घावनावर, फोडणीच्या भातावर, उकडलेल्या अंड्यावर ती घालते. पिठल्यावर घालून पाहिली आणि तिथे ती मुळीच चालली नाही, तेव्हा तो प्रयोग कोणी करू नये.

डोलकाठी | २० जानेवारी, सकाळी ८.००

आमच्या घरी भोत विकून उरलेले दोन छोटे तुकडे होते. ताईंनी लिहिल्याप्रमाणे कोंबडीच्या रश्श्यात शिजवले. आईचे म्हणणे असे की रस्सा छान घट्ट झाला, पण भोतात काही दम नाही, एवढे पैसे कशासाठी देतात. मला तिला उत्तर देता आले नाही.

प्रयोगवही | २० जानेवारी, सकाळी १०.३०

ताई, पुण्यात येताना दोन लाप चोंग घेऊन या, अशी विनंती करणार होतो, पण ती मागे घेतो. परदेशातून डुकराच्या मांसाचे पदार्थ परवान्याशिवाय भारतात आणता येत नाहीत. २०१८ नंतर चीनमध्ये आणि २०२० पासून आपल्या ईशान्येतही आफ्रिकन स्वाइन फीव्हर पसरल्यामुळे ती सावधगिरी समजण्यासारखीही आहे. माणसाला त्या रोगाचा धोका नाही, पण खारवलेल्या मांसात त्याचा विषाणू दीर्घकाळ टिकतो आणि ते उष्टे डुकरांच्या पुढ्यात गेले तर गोठेच्या गोठे रिकामे होतात.

काठावरची | ३१ जानेवारी, रात्री १०.१५

लाप चोंग आणणार नाही, निश्चिंत राहा.

या आठवड्यात एक गोष्ट घडली ती लिहून ठेवते. दिवाळीला आईने पाठवलेल्या सोड्यांपैकी पाव किलो मी पो पोंना दिले होते. काल त्यांनी मला बोलावले. टेबलावर वाफवलेल्या अंड्याची वाटी होती. दोन अंडी, त्यांच्या दीडपट कोमट पाणी आणि भिजवलेले सोडे घालून, वर ताटली झाकून त्यांनी ती मंद वाफेवर दहा मिनिटे ठेवली होती. अंडे खरवसासारखे थरथरत होते. त्यांनी एक सोडा चॉपस्टिकने उचलून नाकाशी नेला आणि मला विचारले, “ही कोळंबी उकडलेली नाही ना?” नऊ वर्षांत मी त्यांना कधी सांगितले नव्हते की आपल्याकडे सोडे कच्चेच वाळवतात. त्या म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी ताय ओ या मच्छीमारांच्या गावी त्यांची मावशी अशीच कोळंबी उन्हात घालायची आणि मग ती दुकानात मिळायची बंद झाली.

त्यांनी अर्धा किलो आणखी मागितले आहेत. फणसआठळी, तुमच्याकडे चांगले सोडे कोणत्या महिन्यात बाजारात येतात, ते कृपया कळवा.